चिखलाचे हात आणि गाडीचा विमा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या शाळेतली पहिलीची पोरंसुद्धा सांगतील. त्या साली या रागापायी माझी गाडी हातची जायची वेळ आली होती, आणि तिला वाचवलंही त्याच रागानं. म्हणून त्याला सरसकट वाईट म्हणायला माझी जीभ धजत नाही.

गाडी विजेवर चालणारी. आसगावात ती घेतली तेव्हा आमच्या वस्तीतले लोक तिचा आवाज येत नाही म्हणून कान लावून उभे राहायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रोजची ये-जा मोठी, पेट्रोलचा खर्च त्याहून मोठा, म्हणून वीजगाडी परवडते, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं, पण खरं कारण वेगळं होतं. खरं कारण माझी माय.

घरात माय आणि मी, दोघीच. मायने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, धान रोवला. पावसाळा लागला की कमरेतून वाकायची ती रोवणी संपल्यावरच सरळ व्हायची. नोकरीत जमवलेल्या पैशातून मी तलावापलीकडे तीन एकर घेतले, तेही त्याच शिवारात जिथे ती रोजीनं जायची. सातबाऱ्यावर नाव चढलं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "मले आपल्या बांधीच्या धुऱ्यावर बसून रोवणा पाह्याचा आहे." पण तोवर तिचे गुडघे गेले होते. मोटारसायकलवर मागे बसायला पाय वाकत नव्हता. बैलगाडी गावातच उरली नव्हती. गाडीची सीट मात्र तिच्या कमरेच्या बरोबर उंचीची निघाली. ती नुसती टेकली आणि मी तिचे पाय उचलून आत ठेवले, तेव्हाच दुकानात माझा सौदा पक्का झाला. रंगसुद्धा मी नंतर पाहिला.

पहिल्या वर्षी विम्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी हप्ता वाढला. तिसऱ्या वर्षीचा आकडा मोबाईलवर आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा पीत होते, आणि तो चहा थंड झाला. आमचे एक गुरुजी, जे माझ्या गाडीवर पहिल्या दिवसापासून जळत होते, ते म्हणाले, "मॅडम, पेट्रोल वाचवला अना विम्यात घातला. बात बराबर झाली ना?"

मी पवनीच्या एजंटला फोन लावला. माणूस चांगला. फोनवर 'मॅडमजी'शिवाय वाक्य सुरू करत नाही.

"मॅडमजी, बॅटरी लय महाग रायते. अर्धी गाडी म्हणजे बॅटरीच. थोडं काही झालं का नागपूरले न्या लागते, अना तिथं कोणी दुरुस्त करत नाही, पुरी बदलवते. कंपनीले परवडत नाही."

"मी दोन वर्षांत एक रुपयाचा क्लेम केला का?"

"नाही केला."

"मग कोणाची बॅटरी जळली म्हणून मी भरू?"

"मॅडमजी, कंपनी तुमची एकटीची बॅटरी नाही पाह्यत. साऱ्याईची पाह्यते."

हे मला पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. मी म्हटलं, थोडं कमी करून आण, नाहीतर मी भरत नाही. तो म्हणाला, कमी होत नाही. मी म्हटलं, अजून चार दिवस आहेत, पाहू. आणि फोन आपटला. मोबाईल आपटता येत नाही, पण माझ्या मनात मी तो आपटलाच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची रोवणी सुरू झाली.

ज्यांनी धानाचं शिवार पाहिलं नाही त्यांना सांगावं लागेल, की रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे तारीख नसते. पाणी किती आहे, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, किती उपटले, बाया किती मिळाल्या, एवढंच असतं. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात बाया पाहिजे असतात. मी शाळेतून रजा टाकली. आमच्या वस्तीतल्या अकरा बाया गाडीतून तीन खेपा करून तलावाच्या पाळीपर्यंत नेल्या, त्यांचे डबे नेले, एका बांधीत पऱ्हे कमी पडले तेव्हा दुसरीतल्या पेंढ्या डिक्कीत टाकून नेल्या. माय पुढच्या सीटवर. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, वर छत्री बांधली, आणि ती चार दिवस तिथं बसून हुकूम सोडत होती. "अवं, रोप खोल नोको गाडू, फुटवे येत नाही." बाया हसायच्या आणि तिचं ऐकायच्या.

रोवणीच्या शेवटच्या दिवशी बाया मालकाला चिखल लावतात. शेवटची पेंढी संपली, की ओंजळभर चिखल घेऊन अंगावर धावून यायचं, आणि मालकानं तो मुकाट्यानं लावून घ्यायचा, मग चहा-नाश्ता आणि वर काही खुशी द्यायची. मायच्या उमेदीत मालक चार पावलं लांब उभे राहायचे. बायांनी दोन बोटांनी धोतराच्या काठाला चिखल टेकवायचा, की झालं. वस्तीतल्या बायांचा हात अंगाला लागू नये एवढी काळजी असायची. हे मायनं मला कधी रागानं सांगितलं नाही, म्हणून मीच तिच्या वाटचं रागावते.

मी पळाले नाही. केसांपासून पावलांपर्यंत अकराजणींनी मला माखलं. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "मालकीण तं भरली. पण आपल्याले रोज आणला कोणं?"

"गाडीनं!"

आणि त्या धावल्या. दारांना, डिक्कीला, खिडकीच्या काचेपर्यंत, हात भरभरून चिखल. गाडीचा पांढरा रंग कुठं गेला ते कळेना. माय खुर्चीवरून ओरडली, "मले घेऊन चला!" दोघींनी तिला धरून आणलं. तिनं एका बाईच्या तळहातावरचा चिखल आपल्या हाताला लावून घेतला आणि बॉनेटच्या अगदी मधोमध उजवा हात टेकवला. मायच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी आहे. माझ्या जन्माच्या साली धान कापताना विळ्यानं गेली. बॉनेटवर साडेचार बोटांचा हात उमटला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही, चेहऱ्यावर चिखल इतका होता की लपवायची गरजही नव्हती.

घरी पोचते न पोचते तोच एजंटचा फोन.

"मॅडमजी, तुमचा विमा काल संपला."

भांडणाच्या नादात तारीख गेली, आणि त्या दिवशी मी बिनविम्याची गाडी फिरवली होती. चूक माझी, शंभर टक्के. तो म्हणाला की आता कंपनी गाडीचे फोटो मागते, मोबाईलवर लिंक पाठवतो, संध्याकाळच्या आत टाका.

"गाडी धुवून टाकते," मी म्हटलं.

आतून मायचा आवाज आला. "रोवण्याचा चिखल आपल्या हातानं धुवाचा नाही. पाण्यानं जाईन तवा जाईन." ही आमच्या घरची रीत. ज्याच्या अंगाला चिखल लागला त्यानं आंघोळ करावी, पण दाराला, खुंट्याला लागलेला तसाच ठेवावा. मी मायशी वाद घालत नाही. साऱ्या जगात ती एकटीच तशी आहे. मी चिखलाच्याच हातानं मोबाईल धरला, पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, आतून असे फोटो काढले आणि पाठवून दिले. कॅमेऱ्याच्या काचेला माझ्याच अंगठ्याचा चिखल लागलेला आहे, हे पाहिलं नाही. गाडी टिनाच्या शेडखाली लावली आणि आंघोळीला गेले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कंपनीनं शेरा मारला होता: वाहन पाण्यात बुडालेलं असण्याची शक्यता.

मी ते फोटो उघडून पाहिले. धुरकट, तपकिरी, काचेपर्यंत चिखल, आत ओल्या सीटा, पायाखाली गाळ. वैनगंगेच्या काठच्या माणसाला असा फोटो दाखवला तर तोही म्हणेल, पुरातली गाडी. आणि विजेची गाडी पाण्यात बुडाली म्हणजे कंपनीच्या लेखी ती मेल्यात जमा. बॅटरीचा विमा मिळणार नाही, आणि उरलेल्या विम्याचा हप्ता जवळजवळ दुप्पट. बॅटरीला काही झालं तर नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती. विम्याशिवाय गाडी काढायची नाही, आणि असल्या विम्यावर ती ठेवायची नाही. राहता राहिलं विकणं.

"दुसरा रस्ता आहे," एजंट हळू आवाजात म्हणाला. "गाडी धुवा. दुसऱ्या कंपनीत नवे फोटो टाकू. कोणाले समजते?"

"त्या फॉर्मवर विचारतात ना, आधी कोणत्या कंपनीनं अट घातली का म्हणून?"

"इचारते. 'नाही' लिहाचं."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, कारण माझे विद्यार्थी वाचतील. सार एवढंच, की मी खोटं लिहिणार नाही. उद्या खरंच काही झालं आणि कंपनीनं हे खोटं बाहेर काढलं, तर दाम जाईल आणि तोंडही काळं होईल. आणि लपवायचं काय म्हणून? चिखल लागला हा काही गुन्हा आहे? "तुमच्या कंपनीचा माणूस इथं पाठवा," मी म्हटलं. "माझी गाडी डोळ्यानं पाहू दे."

"असा कोणी मांगत नाही, मॅडमजी."

"मी मागते आहे."

माणूस यायला आठ दिवस लागले. ते दिवस मला जड गेले. गाडी शेडमध्ये, चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. मी शाळेत बसनं जायची आणि गुरुजींचे टोमणे ऐकायची. पण खरा त्रास घरी होता. रोवणीनंतर आठ-दहा दिवसांत रोप पिवळं पडून पुन्हा हिरवं होतं, मुळं धरतं. ते पाहायला मायला जायचं होतं. रोज संध्याकाळी मी पायी जाऊन यायची आणि ती दारातच विचारायची, "लागला काय वं धान?"

"लागला, माय. हिरवा झाला."

"तुह्या डोळ्यानं मले थोडी दिसते?" म्हणायची आणि गाडीकडे तोंड करून बसून राहायची. गाडी विकावी लागेल हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं होतं. मला स्वतःची लाज वाटत होती, कारण हप्त्याच्या वादात चार दिवस ताणलं नसतं, तर फोटोंचा प्रश्नच आला नसता.

शेवटी तो साहेब आला. पन्नाशीचा, नागपूरचा, कमी बोलणारा. सोबत एजंट. माय म्हणाली, "जयभीम साहेब, चहा घ्या पह्यले." तो म्हणाला, आधी गाडी. मला बरं वाटलं, मलाही आधी गाडीच हवी होती.

त्यानं चटया उचलल्या, खाली हात फिरवला. सीटखाली टॉर्च मारली. खाली वाकून बॅटरीची पेटी पाहिली. मग सीटबेल्ट धरून तो पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत, आणि न्याहाळला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "बुडालेल्या गाडीचं सगळं धुता येतं, बाई. बेल्टच्या आतला गाळ कोणी धूत नाही." पट्टा कोरा करकरीत होता. माझ्या जिवात जीव आला.

"आत पाणी गेलेलं नाही," तो उभा राहत म्हणाला. "पण बाहेर काचेपर्यंत चिखल कसा? शेरा काढायचा तर कारण लिहावं लागेल."

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात माय भिंतीला धरून उठली, गाडीपाशी आली आणि बॉनेटवर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, पुराले बोटं रायते काय जी?"

साहेब वाकला. मोबाईलच्या धुरकट फोटोत जे दिसलं नव्हतं ते वाळलेल्या चिखलात स्पष्ट होतं. हात. दारांवर, डिक्कीवर, काचेवर, हातच हात.

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बाया कामावरून परतत होत्या, त्या फाटकात जमा झाल्या. एकीनं पुढं होऊन मागच्या दारावरच्या ठशावर आपला तळवा ठेवला. "हा माहा. पाहा, बांगडीचा वळ बी आहे." दुसरी म्हणाली, तो माझा, तुझा पलीकडचा. त्यावरून दोघींची जुंपली. डिक्कीवरच्या एका ठशाला तिघी वारस निघाल्या. साहेब पहिल्यांदा हसला, आणि एकदा हसला तो मग थांबेना. प्रत्येकीला आपापल्या ठशापाशी उभं करून त्यानं फोटो काढले. कॅमेऱ्याची काच त्यानं आधी रुमालानं पुसली, ते मी पाहिलं.

मग त्यानं कागदावर जबाब लिहिला: रोवणीच्या शेवटच्या दिवशी प्रथेप्रमाणे हातांनी चिखल लावला. खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. बायांनी केल्या, काहींनी अक्षर जुळवत, जीभ दातात धरून. मायची पाळी आली तेव्हा एजंटनं सवयीनं शाईचा पॅड काढला आणि तिचा अंगठा धरला.

मायनं हात मागे घेतला.

तिनं आयुष्यभर अंगठा लावला होता. हजेरीपटावर, रोजगार हमीच्या कागदांवर, काय लिहिलंय ते न कळता. कितीदा दिवस सहा भरले आणि लिहिले पाच, ते तिला मी शिकल्यावर कळलं. ती साहेबाकडे पाहून म्हणाली, "अंगठा लय लावला, जी. आता माहा पुरा हात घ्या."

एजंट म्हणाला, असं नसते. साहेब म्हणाला, "घ्या." पॅड लहान, म्हणून एजंटनंच तिच्या तळव्याला तुकड्या-तुकड्यानं शाई लावली. तिनं कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला, हात दाबला आणि उचलला. साडेचार बोटं. साहेबानं तो कागद चिखलाच्या ठशाशेजारी धरला आणि दोन्हींचा मिळून एक फोटो काढला. मग त्यानं मायकडे चहा मागितला.

चौथ्या दिवशी एजंटचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. शेरा निघाला होता. बॅटरीचा विमा मिळाला, आणि क्लेम नसल्याची सूटही कायम राहिली. "मॅडमजी, जिकलो!" तो ओरडला. मला फॉर्मवर खोटं लिहायला शिकवणारा हाच, पण त्या क्षणी मला तो सख्ख्या भावासारखा वाटला. साऱ्यांसाठी वाढलेला हप्ता मात्र तेवढाच राहिला. तो मी कुरकुरत भरला, त्याच दिवशी भरला, आणि स्टाफरूममध्ये गुरुजींना पेढा दिला. त्यांनी तो खाल्ला, आणि खातानाचं त्यांचं तोंड मला अजून विसरता येत नाही.

त्या दुपारी शाळा सुटल्या सुटल्या घरी आले, मायचे पाय उचलून गाडीत ठेवले आणि बांधीकडे निघाले. चिखल तसाच होता. रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते, पाहू देत. तलावाच्या पाळीवर उतरून माय माझा खांदा धरून धुऱ्यावर उभी राहिली. तिन्ही एकरांतला धान लागला होता. वारा आला की हिरवा अंधार-उजेड सरकत होता. माय एकेक बांधी नजरेनं मोजत गेली. मग म्हणाली, "बराबर लागला."

परतताना पाऊस आला, चांगला दणकून. काचेवरून तपकिरी पाणी वाहू लागलं, दारांवरचे हात एकेक करून उतरू लागले. मी वायपर लावला आणि गाडी थोडी जोरात हाकली, शेडपर्यंत पोचलो तर निदान बॉनेटवरचा तरी वाचेल म्हणून. पण फाट्याजवळच तो पुसला गेला, आधी तळवा, मग बोटं. माझा जीव चुटपुटला.

मायनं ते समोरच पाहिलं. मला वाटलं, तिलाही वाईट वाटेल.

"त्या कागदावर माहा हात हाय ना?" तिनं विचारलं.

"हाय, माय. नागपूरले कंपनीच्या हापिसात हाय."

"मंग गाडी हळू चालव," ती म्हणाली. "चिखल गेला तं जाऊ दे."